काकांनी करून ठेवलेला फ्लेक्सिबल जॉइंट

तुमचं हे अशा अनुभवांचं पान मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. भूतखेत, भास, सांकेतिक स्वप्नं... यातलं काहीच मला कधी पटलं नाही. आमच्या घरात देवपूजा होती, पण अंगात येणं, उतारे टाकणं असलं काही नव्हतं. माझे वडील मोटारी दुरुस्त करत. बिघाड झाला तर त्याला कारण असतंच, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. तरीही हे एक लिहून पाठवते आहे. आम्ही तंजावरकडचे मराठी, त्यामुळे माझं मराठी जरा वेगळं आहे. सूनबाई नाशिकची, तिनं ते तुम्हाला वाचता येईल असं करून दिलंय.

१९६०-६१च्या आसपासची गोष्ट. आम्ही मद्रासला ट्रिप्लिकेनमध्ये राहत होतो. पुदुपेटच्या एका गल्लीत माझ्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं मिळून गॅरेज होतं. काका अप्पांना ‘अण्णा’ म्हणत. दोघं एकाच डब्यातून जेवत, एकाच कपाटात कपडे ठेवत. अप्पा बोलायला कडक. काका हसतमुख, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की सोडायचे नाहीत.

त्यांच्या डोक्यात बसला होता एक्झॉस्टचा फ्लेक्सिबल जॉइंट.

पुदुपेटच्या भंगारात तेव्हा लष्करी ट्रकांचे सुटे भाग खूप येत. त्यात काकांना एक वाकणारी नळी मिळाली – पत्र्याची पट्टी एकात एक गुंतवून केलेली, वरून तारेची जाळी विणलेली. ती त्यांनी घरी आणली आणि जेवता जेवता आम्हाला वाकवून दाखवली. मला म्हणाले, “हे बघ, इंजिन रबरावर बसलेलं असतं, ते सारखं डुलतं. धुराचा पाइप मात्र खाली चासीला, गाडीच्या सांगाड्याला, घट्ट बांधलेला. एक हलतो, एक हलत नाही. मग ताण कुठं येणार? जोडावर. तिथं पाइप चिरतो, आणि धूर गाडीत शिरतो. मध्ये एवढा तुकडा घातला की पाइप सुखानं हलेल.”

“आणि तो तुकडाच फाटला तर?” अप्पा म्हणाले. “समुद्राची हवा आहे. वर्षात गंजेल. चांगलं वेल्डिंग केलेला सरळ पाइप काय वाईट आहे?”

दोघांचंही बरोबर होतं, हे मला आता कळतं. काकांनी पहिले जॉइंट घातले ते खरंच टिकले नाहीत. मैलापूरच्या एका वकिलांची गाडी फटफट आवाज करत परत आली. अप्पांनी वकिलांच्या समोर तो जॉइंट कापून काढला, कोपऱ्यात फेकला आणि म्हणाले, “माझ्या भावाला खेळ करायची हौस आहे. यापुढं तुमच्या गाडीला मीच हात लावीन.”

काकांनी हात पुसले, शर्ट घातला आणि निघून गेले. महिन्याभरात काकूला घेऊन तांबरमला राहायला गेले आणि स्टेशनपासून थोडं लांब, हायवेवर त्यांनी छोटं शेड टाकलं. त्यानंतर दोघं भाऊ बोलले नाहीत. आई सणाला फराळ पाठवायची, काकूकडून डबा भरून परत यायचा. एवढाच काय तो संबंध राहिला.

दोनेक वर्षांनी काकूचा निरोप आला – काकांना कावीळ झालीय, बरं वाटत नाहीये. आई लगेच निघायला तयार होती. अप्पा म्हणाले, “हातातलं काम संपवतो. रविवारी सगळेच जाऊ.” रविवार यायच्या आत काका गेले.

अप्पा अंत्यविधीला उभे राहिले, सगळं केलं. पण काकू त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि अप्पांनीही पुन्हा त्या घरी जायचं धाडस केलं नाही.

त्यानंतरच्या कार्तिकात चेंगलपट्टूला आमच्या आतेबहिणीचा साखरपुडा होता. आम्ही अप्पांच्या जुन्या गाडीतून दुपारी निघालो. मला गाडी लागते म्हणून मी पुढं बसले होते. आई मागं, अप्पांच्या पाठीमागच्या बाजूला, मांडीवर फुलांची टोपली घेऊन. तिच्या बाजूची काच वर-खाली करायचं हँडल बरेच दिवस तुटलेलं होतं. काच दारात पडून जाऊ नये म्हणून अप्पांनी ती पूर्ण वर करून लाकडाची पाचर ठोकून बसवली होती. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्या काचेचं आहे.

सैदापेट सोडलं आणि पाऊस सुरू झाला. आम्ही पुढच्या काचा लावून घेतल्या. टपावर पाऊस इतका वाजत होता की बोललेलं ऐकू येईना. माझं डोकं दुखत होतं, पण ते नेहमीचंच म्हणून मी गप्प बसले. तांबरम आलं. काकांचं शेड डाव्या हाताला होतं. अप्पांनी तिकडं पाहिलं नाही. मी पाहिलं. दार अर्धं उघडं होतं.

वंडलूरच्या अलीकडं अप्पा एकदम चिडून म्हणाले, “मागची काच कुणी उघडली? मानेवर पाणी येतंय.”

त्यांनी मागं वळून पाहिलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

आई एका बाजूला कलंडली होती. टोपली खाली पडून फुलं पायाशी सांडली होती. तिच्या बाजूची काच वीतभर खाली आलेली, आणि त्या फटीतून पाऊस तिच्या तोंडावर येत होता. पदर चिंब भिजला होता. अप्पांनी तिला बाहेर ओढून एका चिंचेखाली आणलं. मी तिचे हात चोळत होते. तिला ओकारी झाली, मग हळूहळू डोळे उघडले.

आणि ती म्हणाली, “भावजींना आत घ्या ना. बाहेर भिजतायत ते.”

अप्पांनी विचारलं, “कोण भावजी?”

“काच खाली करा म्हणाले. मी म्हटलं, तिचं हँडल मोडलंय. तर म्हणाले, मी करतो.” एवढं बोलून तिनं परत डोळे मिटले.

आईला एकच दीर होते.

अप्पा उठून गाडीपाशी गेले. मीही गेले. पाचर कुठंच नव्हती. म्हणजे काच पूर्ण खाली पडायला हवी होती, तिला धरून ठेवायला दारात काही नव्हतंच. पण ती तशीच मध्येच उभी होती. अप्पांनी काचेच्या कडेवर नुसतं बोट ठेवलं, आणि ती सर्रकन दारात आत गेली.

पाचर नंतर गाडी पूर्ण रिकामी करूनही मिळाली नाही.

सगळी दारं-खिडक्या उघड्या ठेवून आम्ही भिजत तांबरमला परत आलो. डॉक्टर म्हणाले, धूर अंगात गेला, वारा लागला म्हणून वाचल्या. धुरानं माणसाला भासही होतात. गाडी दुरुस्त केल्याशिवाय पुढं जाणं शक्य नव्हतं, आणि जवळ एकच जागा होती.

काकू शेडमध्येच होती. दोन मेकॅनिक ठेवून तिनं काम चालू ठेवलं होतं. आईकडं पाहून तिनं काही न विचारता तिला आत नेऊन निजवलं. मेकॅनिकनं गाडीखाली पाहिलं. “जोडावर पाइप उडैंजिरुच्चु, सार,” तो म्हणाला. पाइप चिरला होता, अगदी काका म्हणायचे तिथंच. मागच्या चटईखाली पत्रा गंजून भोक पडलं होतं. धूर तिथून वर येत होता.

काकू आत गेली आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. उलगडलं तर फ्लेक्सिबल जॉइंट. पुदुपेटला असायचे तसला नव्हे. आत अस्तराची नळी होती, दोन्ही टोकं पितळेचा डाग देऊन पक्की केलेली, जाळी एकसारखी विणलेली.

“तुमच्याच गाडीच्या मापाचा आहे,” ती अप्पांना म्हणाली. काका गेल्यानंतर पहिल्यांदाच ती त्यांच्याशी बोलत होती. “आजारी पडायच्या आधी केला. मी म्हटलं, कुणाबरोबर तरी पाठवून देते. तर म्हणाले, अण्णा दुसऱ्याकडून घ्यायचा नाही, मीच नेऊन घालीन.”

अप्पा त्या जॉइंटकडं पाहत राहिले. मग मेकॅनिकला बाजूला व्हायला सांगून स्वतः गाडीखाली शिरले. बोल्ट बसायला खूप वेळ लागला. ते बाहेर आले तेव्हा चेहरा काळा झाला होता आणि डोळ्यांपासून खाली दोन स्वच्छ रेघा उतरल्या होत्या.

“माझं चुकलं,” ते काकूला म्हणाले. “हे त्याला सांगायला पाहिजे होतं.”

“हो,” काकू म्हणाली. तिनं समजूत घातली नाही. कापी, म्हणजे कॉफी, करायला आत गेली.

मी या घटनेचा पुष्कळ विचार केलाय. धक्क्यानं पाचर निसटली असेल. काच गंजलेल्या खाचेत अडकली असेल. आईला विषारी धुरात दिरांचा भास झाला असेल, कारण नुकतंच तांबरम मागं पडलं होतं. एकेक वेगळं धरलं तर प्रत्येकाला उत्तर आहे. पण ती काच बोट लागेपर्यंत का थांबली, आणि पाचर गेली कुठं, ते मला आजही सांगता येत नाही. आई शेवटपर्यंत म्हणायची, चेहरा दिसला नाही, पण आवाज त्यांचाच.

त्या संध्याकाळी निघताना आईनं काकूला हे सगळं सांगितलं. मला वाटलं काकूला बरं वाटेल. ती दाराशी उभी होती, कापीचे पेले हातात. ते तिनं खाली ठेवले.

मग म्हणाली, “तुमच्याकडं आले होय. मी रोज इथंच असते, अक्का. माझ्याकडं एकदाही नाही आले.”