साखराबाईनं मेंढरं बसवली नाहीत

उखळी ही काही मोठी नदी नाही. वडवणीच्या वरच्या डोंगरात ती निघते, अकरा गावांच्या शिवारातून उतरते आणि खाली धरणाच्या फुगवट्यात जाऊन मिळते. ही नदी वरपासून खालपर्यंत पायी चाललेलं एकच माणूस मला भेटलं. ते आमच्याच समितीत होतं, आणि समितीनं त्याला कधी काही विचारलं नाही.

साखराबाई नदीकाठच्या धनगर वस्तीवर राहते. साठी ओलांडलेली, उंच, एका खांद्यानं जरा वाकलेली. नवरा सिदू बारा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, तीच सांभाळते; बरोबर सून उज्ज्वला असते. पावसाळ्यात मेंढरं डोंगरावर, सुगी झाली की खाली, उन्हाळ्यात फुगवट्याचं पाणी हटून उघड्या पडलेल्या गाळपेरात. चाळीस वर्षं हीच वाट. कुठल्या वळणावर वाळूत हातभर खांदलं की झिरा लागतो, कुठल्या डोहात मरळ अंडी घालते, कुठल्या महिन्यात कुठलं पाणी मेंढरू तोंडाला लावत नाही, हे तिला माहीत होतं.

मी समितीचा सचिव होतो. एका संस्थेनं मला पगारावर नेमलं होतं. ‘उखळी खोरे एकात्मिक जल व्यवस्थापन समिती’ हे लांबलचक नाव मीच लिहून दिलेलं. कल्पना वाईट नव्हती. वरच्या गावानं किती पाणी अडवायचं, खालच्याला किती सोडायचं, नदीत काय टाकायचं नाही, मासा-झाड-जनावर कसं राखायचं, हे सगळं अकरा गावांनी एकत्र बसून ठरवायचं. पण बसायची जागा ठरली मोहनरावांच्या शेतातला बंगला, आणि तिथंच सगळं संपलं.

मोहनराव समितीचे अध्यक्ष. त्यांच्या दोन पोकलेन मशिनी होत्या. हा माणूस नदीकडे बघायचा तेव्हा त्याला फक्त वाळू दिसायची. पाण्याचा त्याला रागच असावा, कारण ते वाळूच्या वर उभं राहतं.

नियमाप्रमाणे समितीत एक बाई हवी होती आणि एक पशुपालक हवा होता. मोहनराव म्हणाले, “एकाच माणसात दोन्ही भागव.” म्हणून मी वस्तीवर जाऊन साखराबाईचं नाव घातलं.

पहिल्या बैठकीला पुण्याचे एक तज्ज्ञ आले. नदी बंगल्यापासून दोनशे पावलांवर होती. बूट खराब होतील म्हणून की काय, त्यांनी ती आम्हाला पडद्यावर दाखवली. तासभर निळ्या रेघा आणि हिरवे ठिपके चालले. आम्ही माना डोलावल्या. मला त्यातलं निम्मं समजलं; बाकीच्यांना तेवढंही नाही, पण डोलावण्यात कोणी मागं नव्हतं. साखराबाई दाराशी घोंगडीवर बसली होती. शेवटी तिनं विचारलं, “वरल्या गावचे लोक दसऱ्याच्या आदीच बंधाऱ्याला फळ्या टाकत्यात. खाली थेंब येत न्हाई. ते या चित्रात कुटं हाय?”

तज्ज्ञ म्हणाले, “फार चांगला प्रश्न आहे. पुढच्या टप्प्यात घेऊ.”

तो टप्पा आला नाही. आलं ते खोलीकरण. समितीनं ठरवलं की उखळीचा गाळ काढायचा. वस्तीखालच्या डोहापासून सुरुवात, आणि मशिनी अर्थातच अध्यक्षांच्या. हा डोह भर उन्हाळ्यातही कमरेएवढा असायचा. काठाला करंजाची जुनी झाडं होती, वस्ती तिथंच पाणी भरायची, मेंढरं उताराच्या बाजूनं पाण्याला लागायची.

मशीन उतरली त्या सकाळी साखराबाई काठावर येऊन उभी राहिली. मी तिथंच होतो.

“मोहनराव,” ती म्हणाली, “हितं गाळ न्हाई. वाळू हाय, आन् खाली चिकन माती हाय. ती फोडली की पानी खाली निगून जातं. डोह ऱ्हात न्हाई.”

मोहनराव हसले. “बाई, इंजिनिअरनं नकाशा दिलाय. तुम्ही मेंढरं सांभाळा.”

“त्येच करते. म्हणून सांगायले.”

मशीन सतरा दिवस चालली. वाळूच्या गाड्या दिंद्रुडच्या रस्त्यानं गेल्या, आणि मी नोंद केली, ‘गाळ शेतकऱ्यांना वाटप’. करंजं उपटली गेली. डोहाचे काठ भिंतीसारखे उभे कापले. नकाशात तसंच होतं. नकाशा काढणाऱ्याला मेंढरू पाण्यावर कसं उतरतं हे सांगायला कोणी नव्हतं. महिन्याभरात साखराबाईच्या दोन गाभण मेंढ्या त्या कड्यावरून पडून मेल्या. उज्ज्वला रडत होती. साखराबाईनं खड्ड्यात उतरून दोन्ही वर काढल्या आणि वस्तीच्या मागं पुरल्या. मी भेटायला गेलो तर म्हणाली, “बस. च्या घे.” त्या चहाइतका कडू चहा मी परत प्यालो नाही, आणि त्यात साखर नेहमीएवढीच होती.

पुढच्या वर्षी होळीच्या आधीच डोह कोरडा पडला. तिनं सांगितलं तसंच झालं. समितीला याचं काहीच वाटलं नाही, कारण समितीनं तिचं म्हणणं कुठं लिहूनच ठेवलं नव्हतं.

त्यात मोहनरावांचा भाचा शिवशंकर यानं वस्तीच्या वरच्या अंगाला पनीरचा कारखाना काढला. दूध फाडल्यावर उरणारं आंबट पाणी तो थेट नदीत सोडायचा. नदीत थोडीफार ओल होती तिथं पांढरट साय जमायला लागली, आणि वास असा की दुपारी वस्तीवर जेवण जाईना. उरलेसुरले मासे एका आठवड्यात पालथे पडले. मेंढरं त्या पाण्याला नाक लावून मागं फिरायची.

संस्थेनं पाण्याची तपासणी करायला सांगितली. मोहनराव मला म्हणाले, “बाटली आमच्या विहिरीवर भर. पाणी एकाच खोऱ्याचं आहे ना?” आणि मी भरली. हे मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. बाटलीवर ‘उखळी नदी, वस्तीजवळ’ अशी चिठ्ठी माझ्याच हातानं चिकटवली. अहवाल आला, पाणी पिण्यायोग्य. तो बंगल्यात फ्रेम करून लावला. त्याखाली बसून मोहनराव बाटलीबंद पाणी प्यायचे.

एक दिवस दुपारी साखराबाई माझ्या खोलीवर आली. म्हणाली, “अभिमन्यू, बैठकीचं पुस्तक काड. माज्या अंगठ्याच्या वर काय लिवलंय ते वाच.”

“मावशी, ते नेहमीचंच असतं.”

“वाच.”

मी वाचलं. “सदस्य साखराबाई यांनी सूचना मांडली की खोलीकरणाचे काम अत्यंत उपयुक्त असून त्याची लांबी वाढवावी. सूचना सर्वानुमते मंजूर.”

ती बराच वेळ पुस्तकाकडे बघत राहिली. वाचता येत नसताना माणूस कागदाकडे असं बघू शकतो हे मला तेव्हा कळलं.

“हे तू लिवलंस?”

“त्यांनी सांगितलं, मी लिहिलं.”

“तुजी माय काय करती?”

“ऊस तोडायला जाते. आमचं गाव शिरूर कासारकडं.”

“मंग एक डाव तिला वाचून दाखव,” ती म्हणाली. “माजा अंगठा राहू दे तितं. खोटं कुणी लिवलं ते दिसाया पायजे.”

आणि गेली. आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर तिनं काय केलं ते समजायला एक गोष्ट माहीत हवी. सुगीनंतर धनगर आपली मेंढरं रोज वेगळ्या शेतात मुक्कामाला बसवतात. लेंड्या आणि मुतानं ते रान असं खतावतं की पुढची तीन पिकं जोरात येतात. शेतकरी त्यासाठी महिनामहिना आधी येऊन धनगराला गळ घालतो. मोहनरावांची मोसंबीची बाग याच खतावर उभी होती, आणि शिवशंकरचं शेतही.

त्या वर्षी साखराबाई वस्तीवरच्या नऊ घरांत फिरली. बैठक नाही, ठराव नाही. एवढंच म्हणाली, “नदी नासवणाऱ्याच्या रानात मेंढरू बसवायचं न्हाई.” आश्रुबा म्हणून तिचा चुलतदीर होता, तो कुरकुरला. मोठ्या माणसाशी वैर कशाला घ्यायचं, असं त्याचं म्हणणं. तिनं त्याला विचारलं, “तुजी मेंढरं कुटलं पानी पित्यात?” आश्रुबानंही मेंढरं दुसरीकडं वळवली.

मोहनरावांचा माणूस निरोप घेऊन आला तेव्हा तिनं नाही सांगितलं. मोहनरावांना आधी गंमत वाटली. त्यांनी गाड्या भरून विकतचं खत आणलं, बागेत ओतलं आणि चारचौघांत म्हणाले, “मेंढीच्या लेंडीवाचून मोसंबी अडते काय?” ती अडली नाही, पण दुसऱ्या वर्षी फळ लिंबाएवढं राहिलं. त्याहून वाईट म्हणजे लोक त्यांना टाळायला लागले. वस्तीनं वाळूच्या कामात हात असलेल्या कुणाच्याच रानात मेंढरं घातली नव्हती, आणि असे लोक समितीत बरेच होते. त्यांच्या रानांना फटका बसला तसे ते अध्यक्षांवर उलटले. डोह आटला तेव्हा यांच्यातल्या एकालाही काही वाटलं नव्हतं. स्वतःच्या बांधावर आलं तेव्हा सगळ्यांना नदी आठवली.

शेवटी मोहनराव वस्तीवर आले. मला बरोबर घेतलं, मी मध्यस्थी करीन या आशेनं. साखराबाई लोकर कातरत होती. तिनं कातर खाली ठेवली नाही.

“काय पाहिजे तुम्हाला?” मोहनराव म्हणाले.

“भाच्याचं घाण पानी नदीत यायचं बंद. खड्डा करा, त्याच्या रानात जिरवा, काय बी करा. डोहाला दोन्ही अंगानं उतार काडून द्या, मेंढरू उतरंल असा. आन् आता वाळूला हात लावायचा न्हाई.”

“आणि वरच्या बंधाऱ्याचं? तुम्ही बैठकीत विचारलं होतं. ते माझ्या हातात नाही, बाई.”

“त्ये तुमाला कुटं मागितलं?” ती म्हणाली. “वरल्या गावात मी माजं बगितलं.”

ती आधीच जाऊन आली होती. वरच्या गावाची सरपंच केशरबाई. तिच्या सासऱ्याच्या काळापासून साखराबाईची मेंढरं त्यांच्या रानात बसत आलेली. दोघी बंधाऱ्यावर गेल्या, पाणी कितीपर्यंत चढतं ते पाहिलं आणि ठरवलं की परतीचा पाऊस सरल्याशिवाय फळ्या टाकायच्या नाहीत. आमच्या समितीनं या विषयावर तीन वर्षांत सात बैठका घेतल्या होत्या. सातही बैठकांत जेवण उत्तम होतं.

शिवशंकरनं मामाला शिव्या देत का होईना, कारखान्यामागं खड्डे केले. मोहनरावांच्या मशिनीनं डोहाचे काठ पुन्हा उतरते केले. वाळू मात्र दुसऱ्या नदीवर सुरू झाली; अशी माणसं सुधारत नाहीत, फक्त जागा बदलतात. साखराबाईनं शब्द पाळला आणि मेंढरं मोसंबीत बसवली. खुश्शाल बसवली, चेहऱ्यावर काही न आणता.

डोह पहिल्यासारखा झाला नाही. फोडलेली माती शिवता येत नाही. आता गुडघाभर पाणी होळीपर्यंत टिकतं, कधी थोडं पुढं. वास गेला. उज्ज्वला सांगते की छोटे मासे दिसतात, मरळ नाही.

दोन वर्षांपूर्वी समितीला लोकसहभागाचं बक्षीस मिळालं. त्याचा अर्ज करायला आधी मला सांगितलं होतं. मी पहिल्यांदा खरं ते लिहिलं: विहिरीवर भरलेली बाटली, पुस्तकातली खोटी सूचना, बंधाऱ्याचा निर्णय कुणी घेतला ते, नावानिशी. मोहनरावांनी तो अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतला आणि संस्थेला सांगून मला कामावरून काढायला लावलं. समारंभात त्यांनी फेटा बांधला आणि ‘नदी आपली माय आहे’ या वाक्यानं भाषण सुरू केलं. टाळ्या पडल्या. पशुपालक प्रतिनिधी म्हणून त्यांची भावजय रुक्मिणीबाई व्यासपीठावर होती. तिनं मेंढी जवळून पाहिली असेल ती बहुधा ताटात. साखराबाईचं नाव ‘सतत गैरहजर’ म्हणून कमी केलं होतं.

हे सांगायला मी डोंगरावर गेलो होतो. वाटलं होतं, तिला राग येईल, निदान वाईट वाटेल. ती एका कोकराच्या खुरातला काटा काढत होती. ऐकून घेतलं.

“बरं झालं,” म्हणाली. “त्या बंगल्यात बसून माजी कंबर दुखायची.”

मग तिनं कोकरू माझ्या हातात दिलं आणि ते घट्ट धरायला सांगितलं, कारण काटा अजून निघाला नव्हता.