मालनताईंचं राहून गेलेलं उत्तर

सकाळी कुरुळीहून सविताचा फोन आला, तेव्हा मला वाटलं, पाळणाघराचं काही काम असेल. सविता म्हणजे मालनताईंची सून. "बाई, आत्या गेल्या... चहा घेऊन उठवायला गेले तर..." त्याला आता दीड महिना झाला.

मालनताई कुरुळीतल्या जुन्या शेतकरी घरातल्या. आसपासच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या बाया लहान मुलांना खोलीत कोंडून शिफ्टला जातात, हे कळल्यावर त्यांनी भाड्याने दिलेल्या दोन खोल्या रिकाम्या करून घेतल्या आणि पाळणाघर सुरू केलं. मी चिंचवडची निवृत्त शिक्षिका, तिथे मदतीला जायचे. संस्थेची नोंदणी, पत्रव्यवहार आपसूक माझ्याकडे आला. त्या वयाने मोठ्या, तरी मला बिचकायच्या. ते मला आवडायचं, हे आज कबूल करते.

गेल्या वर्षी चिंचवडमधल्या एका धर्मादाय न्यासाकडे आम्ही अनुदान मागितलं. मुलं वाढली होती, जागा पुरत नव्हती. अर्ज मी लिहिला, 'सर्वांगीण विकास' वगैरे घालून सजवला. मुलाखतीच्या दिवशी दाराबाहेर बसलो असताना मालनताईंना बजावलं, की बोलेन मी, तुम्ही गप्प बसा. आत गेल्यावर एका विश्वस्त बाईंनी थेट त्यांनाच विचारलं, मूल आईसाठी रडायला लागलं तर तुम्ही काय करता? मालनताईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि उत्तर मी दिलं... बालमानसशास्त्रावर, चांगलं पाच मिनिटं.

नंतर बसथांब्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मी सकाळीच आईची ओढणी ठिवून घेते. पोर रडलं की उशाला देते. वासानं गप व्हतं."

"मग हे आत का नाही सांगितलंत?"

"तुमीच म्हनला व्हता ना, गप बसा."

अनुदान मिळालं नाही. प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्यक्तीचा सहभाग जाणवला नाही, असं पत्रात होतं. मालनताईंना मी सांगितलं, की यंदा अर्जच फार आले होते. त्यांनी खरं मानलं. पुढच्या साली अजून नीट लिवा, बाई, एवढंच म्हणाल्या. खरं सांगायला त्यानंतर वर्षभर होतं माझ्याकडे. त्यांना वाईट वाटेल, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले...

परवा यंदाचा अर्ज दिला. ओढणीचं त्यात लिहिलं आहे, त्यांच्याच शब्दांत. काय होईल ते होवो.

काल दुपारी पहिली शिफ्ट सुटली तेव्हा मी पाळणाघरात होते. घ्यायला आलेल्या आईला मालनताई आधी उंबऱ्यावर बसवायच्या, पाणी द्यायच्या, मगच मूल हातात. सविताला एकटीला तेवढी सवड होत नाही, ती लगेच मूल देते. तरी काल बाया मुलांना कडेवर घेऊन उंबऱ्यावर टेकल्या... कुणीच उठेना. मी आत गेले आणि माठातून तांब्या भरून आणला.