गुरुजींच्या फोनवरून

माझं पहिलं पुस्तक मी स्वतःच छापलं. त्याआधी चार प्रकाशकांना पाठवून पाहिलं. दोघांनी उत्तरच दिलं नाही, तिसऱ्यांनी 'सध्या कथासंग्रह घेत नाही' असं कळवलं, आणि चौथ्यांनी इतकं तोंड भरून कौतुक केलं की मी हरखलेच. पुढच्याच वाक्यात छपाईचा खर्च मी द्यायचा होता. सगळं मीच करायचं तर मधे हे गृहस्थ कशाला, असं म्हणून मी फणकाऱ्यानं थेट छापखाना गाठला. तीनशे प्रती छापल्या. तीनशे म्हणजे अगदीच थोड्या, असं तेव्हा मला खरोखर वाटलं होतं.

प्रती खोक्यांतून घरी आल्या तेव्हा ठेवायला जागा एकच होती, बाहेरची खोली. आम्ही पंचवटीत राहतो. वडील, ज्यांना मी अण्णा म्हणते, रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. बाहेरगावची माणसं अस्थी घेऊन येतात, त्यांचे विधी करायचे आणि मग त्यांच्या घराण्याची वही काढायची. कोण वारलं, कोण अस्थी घेऊन आलं, मुलं किती, सुना कुठल्या, हे सगळं यजमान स्वतःच्या हातानं लिहितात आणि खाली सही करतात. पणजोबाची सही बघून धट्टीकट्टी माणसं त्या पानावर हात ठेवून रडलेली मी लहानपणापासून पाहिली आहेत. अशा लाल कापडात बांधलेल्या वह्यांनी त्या खोलीची एक भिंत भरली आहे. त्या भिंतीखाली माझी खोकी लागली.

मी एका शाळेत मराठी शिकवते. लग्न केलं नाही, आई गेल्यापासून घरात अण्णा आणि मी. अण्णांची नजर काचबिंदूनं जवळजवळ गेली. विधी त्यांना तोंडपाठ आहेत आणि घाटावर जाताना शेजारचे गुरुजी, तेही उपाध्यायच, त्यांचा हात धरतात. पण वही वाचायला डोळे लागतात, ते माझे. यजमान आले की अण्णा गाव आणि आडनाव विचारायचे आणि मला हाक मारायचे. मी वही काढून मोठ्यानं वाचायचे. गेल्या काही वर्षांत लोक सहीखाली मोबाइल नंबरही लिहू लागले, तर ते सगळे नंबर मी अण्णांच्या फोनमध्ये भरून ठेवले. नुसती आडनावं घालून उपयोग नव्हता, एकेका आडनावाची दहा-दहा घरं असतात. म्हणून मी गाव आणि कारण लिहायचे. 'सायखेडा, आई.' 'नांदगाव, थोरला भाऊ.' 'देवळा, आजोबा.'

पुस्तकाचं प्रकाशन एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर झालं. प्रमुख पाहुण्यांनी चकचकीत कागदाची रिबीन सोडली, पुस्तक छातीशी धरून फोटो काढला आणि पाऊण तास स्वतःच्या परदेश दौऱ्याबद्दल बोलले. शेवटी आठवण झाल्यासारखं म्हणाले, की या कविता नाशिककरांनी जरूर वाचाव्यात. माझ्या कथा होत्या. पहिल्या रांगेत अण्णा उपरणं घेऊन ताठ बसले होते. ते मात्र मोठ्यानं म्हणाले, "कथा आहेत, कथा." लोक हसले. त्या दिवसातलं तेवढंच मला मनापासून आवडलं.

पुढचे दोन महिने मी पुस्तक घेऊन हिंडले. हिंडले म्हणजे अक्षरशः दारोदार. दुकानदारांनी पाच-पाच प्रती ठेवून घेतल्या आणि स्पर्धा परीक्षांच्या गाइडांमागे लावल्या. महिन्यानं गेले तर पाचच्या पाच तिथेच, वर धूळ. शाळेतल्या बायका म्हणाल्या, "आम्हाला सही करून दे हं," म्हणजे फुकट दे. दिलं. एकीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, कव्हरवरची साडी छान आहे, कुठून घेतलीस? कव्हरच्या मागे माझा फोटो होता, निळ्या पैठणीतला. तिनं पुस्तक उलटं करून पाहिलं होतं, उघडलं नव्हतं. मला इतका राग आला की त्या आठवड्यात मी तिच्या डब्यातलं लोणचंसुद्धा घेतलं नाही.

रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, ते सांगायला लाज वाटते. मला भीती वाटत होती. पंधरा वर्षं शाळेच्या वह्या तपासून उरलेल्या वेळात मी त्या कथा लिहिल्या होत्या, आणि कोणी वाचल्याच नाहीत तर त्या होत्या की नव्हत्या, असं वाटायला लागलं होतं. संध्याकाळी अण्णा विचारायचे, "आज गेलं का एखादं?" मी म्हणायचे, "दोन गेली." ते खूश व्हायचे. मीही नंतर नंतर तीन-चार सांगायला लागले, आणि कमी झालेली दिसावीत म्हणून एक खोकं माझ्या पलंगाखाली सरकवलं. त्यांना दिसत नव्हतं, तरी सरकवलं.

मग मी नवलेखकांसाठीचं एक ऑनलाइन शिबिर केलं. पुस्तकाची जाहिरात कशी करावी, हा विषय. शिकवणारी बाई फार हुशार आणि फार भरभर बोलणारी. ती म्हणाली, तुमच्या फोनमधली यादी हाच तुमचा पहिला वाचक. दुसरं म्हणाली, लोक मेसेज उघडत नाहीत, वर दिसणारी पहिली ओळ तेवढी वाचतात. तेव्हा पहिल्या ओळीत पुस्तकाचं नाव घालू नका, उघडल्याशिवाय राहवणार नाही असं काहीतरी घाला. मी हे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

माझ्या फोनमधली यादी तोवर संपली होती. अण्णांच्या फोनमध्ये जिल्हाभरातली आणि बाहेरचीही शेकडो घरं होती. त्यांनी अण्णांचा नंबर जपून ठेवलेला, त्यामुळे एकगठ्ठा पाठवलेला मेसेज त्यांना पोचणार होता, आणि माझ्या नंबरावरून पोचला नसता. इतका विचार मी केला. एका रविवारी दुपारी अण्णा जेवून आडवे झाले, आणि मी त्यांचा फोन घेऊन स्वयंपाकघरात बसले. पहिली ओळ चार वेळा खोडली. शेवटी लिहिलं, 'नमस्कार. आपल्याला एक महत्त्वाची बातमी कळवायची आहे.' खाली थोडी जागा सोडून पुस्तक, किंमत, माझा नंबर, आणि माझा निळ्या पैठणीतला फोटो.

आता हे मला आधी सुचायला हवं होतं. मी त्या घरात जन्मले आहे. अण्णांनी आयुष्यात एकाही यजमानाला आपणहून फोन केला नाही, दिवाळीचासुद्धा नाही. ते म्हणायचे, "आपल्याकडे माणसं येतात ती कोणी गेल्यावर. आपला आवाज त्यांच्या घरात आपणहून जाता कामा नये." हे मी शंभरदा ऐकलं होतं. पण त्या दुपारी माझ्या डोळ्यांपुढे फक्त वाचक होते.

दोन निळ्या खुणा पटापट उमटायला लागल्या. मला आनंदच झाला. पहिलं उत्तर आलं नांदगावहून, 'भावपूर्ण श्रद्धांजली', पुढे हात जोडलेले. मग सायखेड्याहून, 'ताईंच्या आत्म्यास शांती लाभो. गुरुजी, आम्ही दुःखात सहभागी आहोत.' गुरुजींचा नंबर, महत्त्वाची बातमी आणि बाईचा फोटो. खालचा मजकूर वाचायची कोणाला गरजच पडली नव्हती. मी जिवंत बसून स्वतःच्या श्रद्धांजल्या वाचत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला हसू आलं. ही गोष्ट स्टाफरूममध्ये रंगवून सांगता येईल, असंही मनात आलं.

तेवढ्यात फोन वाजला. 'देवळा, आजोबा.' मी उचलला. तिकडून एका पुरुषाचा आवाज होता, कापरा आणि संतापलेला. एरवी हे लोक आमच्याशी शहरी मराठी बोलतात, पण त्याला त्या वेळी भान नव्हतं. तो म्हणाला, "गुरुजी, मना आबा आजून जित्ता शेतस." त्यानं पुन्हा तेच म्हटलं, आबा, म्हणजे त्याचे वडील, अजून जिवंत आहेत, आणि फोन ठेवून दिला.

मी वळले तर अण्णा दारात उभे होते. फोनचा आवाज मोठा असतो, त्यांनी ऐकलं होतं. मी सगळं सांगितलं, भराभरा, शाळेतल्या पोरीसारखं. ते भिंतीला धरून खाली बसले.

"कोणाकोणाला गेला?"

"सगळ्यांना."

"फोन कर त्याला. मला दे."

मी चारदा लावला. त्यानं घेतला नाही. अण्णा मला एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. बोलले असते तर मी उलट बोलले असते आणि सगळं सोपं झालं असतं. संध्याकाळी मी माफीचा मेसेज पाठवू का म्हणून विचारलं. ते म्हणाले, "आता आणखी काही पाठवू नकोस."

आबा चौथ्या दिवशी गेले. ते आम्हाला कळलं ते मुलगा अस्थी घेऊन आला तेव्हा. येईल असं मला वाटलंच नव्हतं. घाटावर काही अण्णा एकटे उपाध्याय नाहीत. चाळिशीचा माणूस, डोक्यावरचे केस नुकतेच उतरवलेले. विधी करून ते दोघं आणि शेजारचे गुरुजी घरी आले. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि माफी मागायला तोंड उघडणार, एवढ्यात अण्णाच म्हणाले, "मेसेज मी पाठवायला लावला होता. लेकीचं पहिलं पुस्तक. बापाला राहवलं नाही. म्हातारपणी अक्कल जाते, मला क्षमा कर."

त्यांनी हात जोडले. सत्तर वर्षं ओलांडलेल्या माणसानं, ज्याच्या पाया पडून लोक जातात. मी तिथेच सांगायला हवं होतं की हे खोटं आहे. मी सांगितलं नाही. मी तांब्याकडे बघत उभी राहिले.

त्या माणसानं अण्णांचे हात धरून खाली केले. मग माझ्याकडे बघून हळू म्हणाला, "ताई, त्या दिवशी आम्ही दवाखान्यात बाहेर बाकड्यावर बसेल होतो. डॉक्टर म्हणले होते, आज फरक पडंल. आई माझ्या शेजारी होती. मेसेज तिनं वाचला. तिला वाटलं, आबा गेलेच." मी वही काढली, आजोबांचं पान उघडून दिलं. त्यानं आबांचं नाव लिहिलं, स्वतःचं लिहिलं, सही केली. खाली मोबाइल नंबर लिहिला नाही. जाताना त्याची नजर खोक्यांवर गेली.

त्यानंतर अण्णांनी फोन आपल्या उशाशी ठेवायला सुरुवात केली. त्यांना पडद्यावरचं काही दिसत नाही. वाजला की चाचपडून कानाला लावतात आणि "कोण?" विचारतात. माझ्याशी ते नीट वागतात. भाजी कशी झाली सांगतात, शाळेचं विचारतात. पुस्तक किती गेलं, हे विचारत नाहीत. मीही दुकानांतून प्रती परत आणल्या आणि पलंगाखालचं खोकं पुन्हा बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवलं. एकदा वाटलं, सरळ त्यांच्यापुढे बसून म्हणावं, अण्णा, रागवा माझ्यावर. पण ते रागावलेलेच नव्हते, मग काय म्हणणार.

परवा सायखेड्याचं एक कुटुंब आलं. सकाळी नऊची वेळ, शाळेला सुट्टी. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. पाचच मिनिटांपूर्वी मी अण्णांना चहा नेऊन दिला होता आणि त्यांनी साखर कमी आहे म्हणून सांगितलं होतं. बाहेर त्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं. मी हात धुतले. आता हाक येईल म्हणून पदराला हात पुसत उभी राहिले.

आमच्यात एक उपाध्याय आपली वही दुसऱ्या उपाध्यायाच्या हातात कधी देत नाही. सख्ख्या भावालाही देत नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग अण्णा खिडकीशी गेल्याचा. त्यांनी शेजारच्या गुरुजींना हाक मारली.

"अहो, जरा येता का? एवढी वही वाचून दाखवा," ते म्हणाले. "घरात कोणी नाहीये."