कच्छपासून गॅलरीपर्यंत

पक्षी बघायला जाणाऱ्यांकडे फोटो कमी आणि किस्से जास्त जमतात. माझे फोटो तर बहुतेक धूसर. किस्से मात्र एकदम शार्प! आमची गँग छोटीच. जुईनगरच्या एकाच सोसायटीतले आम्ही चौघं: मी, माझा मित्र देसाई आणि आमच्याहून थोरले म्हात्रे काका-काकू.

*

दिवाळीच्या सुट्टीत कच्छला गेलो. गाइडने जीप थांबवली, ओठांवर बोट ठेवलं आणि लांब पाण्याकडे हात केला. "फ्लेमिंगो!"

काकांनी दुर्बीण उचललीच नाही. "अरे भाऊ, ये तो हमारे बाजू के नेरुळ में बिल्डिंग के पीछे दिखता है. दुसरा कुछ दिखाव ना!"

गाइडचा चेहरा पडला. काकूंनी लगेच त्याच्या हातावर चकली ठेवली.

*

परत आल्यावर देसाईला जिकडेतिकडे पक्षीच ऐकू येत होते. एका सकाळी त्याने ग्रुपवर रेकॉर्डिंग टाकलं. "गॅलरीतून येतोय. कोण असेल?" मी ॲपवर शोधलं. तांबट नाही, कोतवाल नाही.

शेवटी काकूंचा व्हॉइस मेसेज आला. "देसाई, तुज्या माल्यावर लिफ्टचा दरवाजा उघडा हाय, तीच वाजतेय. लावून घे!"

*

डक्टमध्ये घुबडाची पिल्लं निघाली, तेव्हा मात्र चेष्टा नव्हती. "अपशकुन आहे, हाकला," म्हणून काही जणांनी सोसायटीची मीटिंगच बोलावली. पिल्लांना अजून उडताही येत नव्हतं. देसाईने परोपरीने समजावलं, कुणी ऐकेना.

मग काकू उभ्या राहिल्या. "पार्किंगमदी गाड्यांच्या वायरी कोन खातो? उंदीर. आनि उंदीर कोन खातो? घुबड! आता बोला, हाकलायचा कोनाला?"

मीटिंग संपली. पिल्लं डक्टमध्येच मोठी झाली.

*

काकांना एकदा तरी नवरंग बघायचा होता. हा पक्षी पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येतो. त्या दिवसांत काका दर सुट्टीत कर्नाळ्याला, कोकणात भटकायचे. शीळ ऐकू यायची, पक्षी दिसायचा नाही.

यंदाही तसेच परतले. बूट काढत म्हणाले, "नाय दिसला. आता गुडगेपन ऐकत नाय. बस झाला."

काकू म्हणाल्या, "हात धुवा नि गॅलरीत या."

सकाळी काचेवर आपटून पडलेला एक पक्षी त्यांनी भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात निवांत ठेवला होता. काकूंनी झाकण हळूच उघडलं. हिरवी पाठ, पिवळसर छाती, शेपटीखाली लालभडक. नवरंग!

त्याने मान वाकडी करून काकांकडे पाहिलं, आणि भुर्रकन समोरच्या झाडीत गेला.

काकूंचा फोन येताच मी आणि देसाई धावत पोहोचलो. काकांच्या डोळ्यांत पाणी, कॅमेरा गळ्यातच. "काका, फोटो?"

उत्तर काकूंनी दिलं. "फोटो कसा काडतील? हात जोडलेले व्हते ना!"