झाडून टाकलेला इलेक्ट्रॉन

मंडळी, आज आमच्या बार्शीच्या कॉलेजात रांगोळी स्पर्धा होती. विषय अणू, परीक्षक मी.

बहुतेकींनी गोल कक्षा काढून त्यांवर इलेक्ट्रॉनचे ठिपके ठेवले. अकरावीतल्या सुरेखानं मात्र रांगोळी नुसती भुरभुरली, मधे दाट, बाहेर विरळ. इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जिथं जास्त तिथं दाट. आज विज्ञान हेच चित्र मानतं.

मी चहा घेऊन येईपर्यंत सफाईच्या मावशींनी ती सांडलेली समजून झाडून टाकली होती.

सुरेखा खाली वाकून म्हणाली, "मॅडम, हितं फरशीच्या फटीत हाय की थोडी. लांब गेलं की शक्यता कमी होते, पण शून्य कधीच न्हाय."

झाडलेल्या रांगोळीला गुण देता येत नाहीत. पहिला नंबर गोल कक्षांना दिला.

तुम्ही कुणाला दिला असता?