राघोबाचा डॉक्टर

सरकारी नोकरीत बदली झाली की भांड्यांना पोचे पडतात आणि किस्से जमतात. भांडी कल्हईवाल्याकडे देता येतात, किस्से मात्र तसेच राहतात. मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो. आमच्या बहुतेक किश्श्यांत एक पोपट आहे, त्याला मी काय करू!

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्हाला मूल नव्हतं. नाशिकला वाऱ्यात झाडावरून पडलेलं एक पिल्लू आमच्या हिने, म्हणजे कुसुमने, उचलून आणलं आणि बोटाने भरवून वाढवलं. त्याचं नाव राघोबा.

नाशिकला पक्ष्यांचं खरोखर कळणारे एक म्हातारे डॉक्टर होते. शहाद्याला बदली झाल्याचं सांगायला गेलो, तेव्हा त्यांनी कुसुमला बजावलं, "घर नंतर बघा, आधी डॉक्टर बघा. पोपट आजार लपवतो. तुम्हाला दिसेल तेव्हा फार उशीर झालेला असेल!"

राघोबाच्या मानेवर लाल-काळा कंठ अजून आला नव्हता. तेही तिने विचारलं. ते म्हणाले, "फुटला तर तिसऱ्या वर्षी फुटेल." आम्ही 'फुटेल' तेवढं लक्षात ठेवलं. त्यानंतर रोज सकाळी चहाच्या आधी ती त्याची मान तपासायची. तिसरं वर्ष सरलं तेव्हा म्हणाली, "हवा बदलली ना, म्हणून उशीर!"

* * *

ही गोष्ट मुंबई राज्य असतानाची. शहाद्याच्या एस.टी. स्टँडवर उतरलो. टपावरून ट्रंका खाली यायच्या होत्या, आणि हिने पिंजरा हातात घेऊन पहिल्याच टांगेवाल्याला विचारलं, "इथे पोपटाचा चांगला डॉक्टर कोण?"

तो घोड्याला चारा घालत होता. तो थांबला. मग म्हणाला, "वहिनी, आठे मानूसले डॉक्टर भेटस नही, अन् तुम्ही पोपटले धुंडी ऱ्हायनात!"

सगळा स्टँड हसला. ही हसली नाही. रडवेली झाली होती बिचारी. तिचा चेहरा बघून टांगेवाल्याने स्वतःच पिंजरा टांग्यात ठेवला आणि म्हणाला, "चला, ढोरेस्ना दवाखाना दखाडी देस."

* * *

घर मिळालं ते एका गुजर पाटलांच्या वाड्याशेजारची दोन खोल्यांची पडवी. पाटलांच्या पत्नी जमनामाय. उंच, गोऱ्या, आवाज खणखणीत. त्यांनी घर दाखवायच्या आधी अट सांगितली, "घरमा मासमटन चालाव नही. अन् ते... ते गोल बी नही."

अंडं हा शब्दसुद्धा त्या तोंडातून काढत नसत!

कुसुमने भीत भीत पिंजरा पुढे केला. "हा चालेल?"

"काय खास तो?"

"डाळ, पेरू, मिरची."

जमनामायने राघोबाकडे नीट पाहिलं. "मंग तो आपलाच शे," म्हणाल्या आणि किल्ली दिली.

* * *

गुरांच्या दवाखान्याचे देसले डॉक्टर म्हणजे सहा फुटी माणूस. हाताचे पंजे सुपाएवढे! आम्ही गेलो तेव्हा बैलांची रांग लागली होती. आमचा पिंजरा बघून बैलवाल्यांनी हसत वाट दिली.

डॉक्टर स्वच्छ म्हणाले, "बैल, म्हैस, शेळी, घोडा, काहीही आणा. पोपट मी फक्त झाडावर पाहिलाय."

कुसुम उठलीच. "येते मग."

"बसा वहिनी! मला येत नाही म्हणालो. शिकणार नाही असं कुठे म्हणालो?"

आणि त्यांनी पिंजऱ्यात हात घातला. आदल्याच दिवशी त्या हाताने म्हशीच्या पोटातलं आडवं वासरू फिरवून बाहेर काढलं होतं, हे आम्हाला टांगेवाल्याने रस्ताभर ऐकवलं होतं. राघोबाने माझी बोटं कितीदा फोडलेली! मी डोळे मिटले. उघडले तर राघोबा त्या पंजात मान टाकून स्वस्थ पडलेला, आणि डॉक्टर श्वास रोखून त्याच्या छातीला कान लावून बसलेले. बैलसुद्धा गप्प होते, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं.

* * *

डॉक्टर खरंच शिकायला लागले. तापीकाठच्या ज्वारीत पोपटांचे थवे उतरायचे. राखणीच्या माळ्यावर बसून शेतकरी गोफणीने ते हाकलत. रविवारी आमचे डॉक्टर त्या माळ्यावर चढून बसायचे, पोपट काय खातात, कसं खातात ते बघत. कुणी गोफण उचलली की हात धरायचे. "थांब रे, त्याचं खाणं होऊ दे!"

शेवटी माळ्याचा मालक वैतागला. "डाक्टर, तुम्ही हाकली ऱ्हायनात का जेवाडी ऱ्हायनात?"

संध्याकाळी डॉक्टर आमच्याकडे यायचे आणि कुसुमला सांगायचे, डाळ कमी करा, हिरवं वाढवा. ती मान डोलवायची. नाशिकच्या डॉक्टरांचं नाव तिने त्यानंतर काढलं नाही.

* * *

होळीच्या सुमारास एका सकाळी राघोबा दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी बसला. पिसं फुलवून. शेपूट श्वासागणिक खालीवर. 'उशीर झालेला असेल' हे शब्द आम्हा दोघांनाही आठवले, पण कुणी उच्चारले नाहीत. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर गुरांना बुळकांडीच्या साथीच्या लशी टोचायला मोलगीला गेलेले! डोंगरावर!

"घेऊन या," कुसुम म्हणाली. एवढंच.

मिळेल त्या जीपला लटकत मी मोलगीला पोचलो. बाजारचा दिवस. पाड्यापाड्यांवरून आलेली माणसं बैल धरून उभी होती आणि डॉक्टर मधोमध. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "तळाशी बसलाय? पोट फुगलंय? जोर करतोय?" प्रत्येकाला मी हो म्हणालो. त्यांनी सुई खाली ठेवली.

जमलेल्यांतल्या एका म्हाताऱ्या कारभाऱ्याला त्यांनी समजावलं, की एक पाखरू मरायला टेकलंय. म्हातारा आपल्या लोकांशी काहीतरी बोलला. मला वाटलं, आता चिडतील. ती माणसं पहाटेपासून चालत आली होती. पण कुणी चिडलं नाही. त्यांनी बैल झाडांना बांधले आणि वाटेतून बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर परत गेले, तर सगळे बैल तिथेच! एकही माणूस घरी गेला नव्हता. हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं.

* * *

आम्ही शहाद्याला पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. कुसुम पडवीत पिंजऱ्याशेजारी तशीच बसलेली. डॉक्टरांनी राघोबाला पंजात घेतलं, एका बोटाने पोट चाचपलं आणि सावकाश म्हणाले, "वहिनी, याला कंठ कधीच फुटणार नाही. ही मादी आहे. अंडं अडकलंय. सुटलं तर वाचेल."

अंडं! खणखणीत आवाजात, जमनामायच्या घरात! आणि जमनामाय स्वतः आपल्या स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या. मी मनातल्या मनात ट्रंका बांधायला घेतल्या.

जमनामाय पुढे आल्या. "अडेल शे ती? मंग वारामा काबर ठेवी तिले?"

आणि राघोबाला पदरात घेऊन त्या थेट आपल्या चुलीजवळ गेल्या! त्या चुलीपाशी आम्हा भाडेकरूंनाही मज्जाव होता. "कुसुम, तू बी ये," आतून हाक आली. तव्यावर फडकी गरम झाली. तिळाचं तेल आलं. म्हशीला बाटलीभर देतात ते कॅल्शियम डॉक्टरांनी काडीच्या टोकाने राघोबाच्या चोचीत सोडलं. मग आम्हा दोघा पुरुषांना बाहेर काढण्यात आलं. डॉक्टरांनाही!

आम्ही ओट्यावर बसलो. पाटील येऊन बसले. टांगेवालाही कुठूनसा आला.

बऱ्याच वेळाने आतून कुसुमचं रडणं ऐकू आलं. मी उठून दाराशी गेलो. मग जमनामाय बाहेर आल्या. हातात पितळेची वाटी, वाटीत कापूस, कापसावर ते पांढरं, सुपारीएवढं. "सुटनी," त्या म्हणाल्या. वाटी त्यांनी आत नेऊन देवळीत ठेवली.

* * *

दोनचार दिवसांनी डॉक्टर राघोबाला बघायला आले. पिंजरा अजून जमनामायकडेच होता. खाली शेगडी, वर जुन्या लुगड्याचा आडोसा, ओव्याचा वास घरभर. डॉक्टर आत शिरणार, तोच जमनामायचा आवाज आला, "जोडा बाहेर काढा! बाळंतीणनी खोली शे!"

एवढा मोठा माणूस! मुकाट्याने बूट काढून, हात धुऊन उंबऱ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "माय, आत येऊन बघू का तिला?"

"माले काय इचारतस?" जमनामायने आडोशाकडे हात केला. पिंजऱ्याला टेकून कुसुम पेरू बारीक चिरत बसली होती.

"तिनी माय तठे बठेल शे ना! तिले इचारा."