वर्षाची ज्वारी

दिवाळीचा फराळ संपायच्या आत आमच्या दारात ट्रॅक्टर लागायचा. पाथर्डीकडे आमची दीड एकर बरड जमीन. तिथली बाजरी निघाली की आई आणि वडील, म्हणजे आमचे दादा, कोयता घेऊन श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला निघायचे, आणि सहावीपर्यंत मीही. एक पत्र्याची पेटी, सहा गाठोडी, बाजरीची दोन पोती. सगळं दोरीनं असं आवळायचं की रस्त्यातल्या खड्ड्यानं चमचासुद्धा वाजू नये. एका वर्षी मी डालड्याच्या डब्यात लावलेली तुळस न्यायचा हट्ट धरला. आई म्हणाली, "ट्रॅक्टरात मावंल तेवढंच आपलं. बाकीचं गावाचं." तुळस राहिली. परत आलो तेव्हा डब्यात काडी होती.

तुमच्यातले जे अजून तोडीला जाता त्यांना कोप काय असते ते सांगायला नको. उसाच्या पाचटाचं खोपटं. कडी नाही, दिवा नाही, पाणी सापडेल तिथलं. सातवीला दादांनी मला नगरच्या वसतिगृहात सोडलं, तेव्हा कोप सुटली. पण कॉट आणि पेटी एवढंच माझं जग, हे काही सुटलं नाही. पुढं बी.एस्सी. झाले. घरात कॉलेज बघितलेली पहिली मीच. हे मी कुणी न विचारताही सांगते. आता सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे.

आणि यंदा अक्षय्य तृतीयेला, सुप्याजवळच्या एका खेड्यात, माझं घर झालं. दोन गुंठे, तीन खोल्या, वर स्लॅब.

काय सांगू त्या दिवसांचं! वायरमननं मीटर बसवला तेव्हा त्यातला लाल दिवा लुकलुकताना बघत मी उन्हात उभी राहिले. हजार लिटरची काळी टाकी दादांनी आणि मी दोर लावून स्लॅबवर चढवली. ग्रामपंचायतीचं पाणी एक दिवसाआड, पाऊण तास येतं. पहिल्यांदा मोटर लावली आणि टाकी भरून वाहायला लागली, तर दादा खाली धारेत डोकं धरून उभे. "लई गार हाय गं!" म्हणाले. बासष्ट वर्षांचा माणूस! मग गॅस, इन्व्हर्टर, वायफाय, स्वयंपाकघरात सरकते ड्रॉवर. सगळ्याची यादी मी वहीत केली होती आणि एकेका ओळीवर रेघ मारत होते.

शेवटच्या ओळीवर रेघ मारली त्या दिवशी आई आली. पेटी आणि सहा गाठोडी, तशीच आवळलेली. दादांनी आधीच सांगून टाकलं होतं, "ऱ्हाऊन बघतो. जमलं तर जमलं, न्हाई तर तोडीचा मुकादम हायेच." मला तर त्यांनी पुन्हा कोयता हातात धरायलाच नको होता. घर त्यासाठीच तर बांधलं होतं.

आईनं घर दोनदा फिरून बघितलं. ड्रॉवर ओढला, ढकलला. "भांड्याला चाकं कशाला? अजून कुठं जायचंय व्हय त्यांना?" मी हसले. मग ती म्हणाली, "समदं हाय, सवे. पन दाणं कुठं ठिवायचं?"

मी ड्रॉवरमधला पाच किलोचा डबा दाखवला. तिनं झाकण उघडून आत बघितलं आणि पुन्हा लावलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कोपीत जे जे नव्हतं ते सगळं मी या घरात आणलं होतं. पण वर्षाचं धान्य कोपीतही नव्हतं, वसतिगृहातही नव्हतं, आणि गावच्या घरी आम्ही कधी बारा महिने सलग राहिलोच नव्हतो. कुणाही शेतकऱ्याची पोर घर बांधताना कोठीची जागा आधी सोडते. माझ्या यादीत ती ओळच नव्हती!

आठ दिवस गाठोडी सुटली नाहीत. आई एक ताट काढायची, जेवून, धुऊन, पुन्हा बांधायची. नवव्या दिवशी मुकादमाचा फोन आला. दादा अंगणात जाऊन बोलले आणि आत येऊन म्हणाले, "बघतो म्हनलं."

मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली. श्रीगोंद्याहून छातीएवढ्या दोन पत्र्याच्या कोठ्या टेम्पोतून आणल्या. आणि त्या दारातून जाईनात! शेजारच्या लताकाकू पोट धरून हसल्या. "अगं, आधी कोठी, मंग चौकट! एवढी शिकली नि एवढं न्हाई शिकवलं व्हय कालेजात?"

"न्हाई ना, काकू," मी म्हटलं.

दादांनी बिजागरीतून दार काढलं, कोठ्या आडव्या करून सरकवल्या. माझी अभ्यासाची खोली कोठ्यांना दिली. टेबल ओसरीवर आलं. ज्वारी लताकाकूंच्याच रानातली, चार पोती. आईनं आणि त्यांनी ती टाकीशेजारी स्लॅबवर वाळवली, पाखडली. एक थर ज्वारी, एक थर कडुनिंबाचा वाळलेला पाला, असं करत आईनं कोठ्या भरल्या. भिंतीवर माझं डिग्रीचं सर्टिफिकेट होतं. धुरळा बसेल म्हणून मी काढायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दोनी एकाच खोलीत बरं दिसतंय."

झाकण लावून ती हात झाडत उठली आणि सरळ गाठोड्यांपाशी गेली. सहाही सोडली. दोऱ्या एकमेकींना जोडून दादांनी अंगणात कपडे वाळत घालायला बांधल्या. मग त्यांनी स्वतःहून मुकादमाला फोन लावला. मोठ्यानं, लताकाकूंनाही ऐकू जाईल असं बोलले, "न्हाई जमायचं आता. वरसाची जवारी भरलीया घरात. ती सोडून कुठं येऊ?"

परवा, दिवाळी झाल्यावर, आमच्या रस्त्यानं गाठोडी लादलेला ट्रॅक्टर गेला. कुणाचा होता माहीत नाही. आईनं हात करून थांबवला आणि सगळ्यांना टाकीतलं पाणी पाजलं. तुमच्यापैकी कुणी त्यात असाल, तर घर ओळखून ठेवा. दारात डालड्याच्या डब्यातली तुळस आहे.

घर म्हणजे काय, असं मला विचाराल तर मी कोठीचं झाकण उघडून दाखवीन. आमच्याकडं मीटर आहे, नळ आहे, वर्षाची ज्वारी आहे. आई-दादा यंदा तोडीला गेले नाहीत.